खालून आलेली हाक

ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांच्या घरात घडली ती माणसं आजही सिंगापूरमध्ये राहतात. मी त्यांना ओळखते, त्यांच्या घरी जेवले आहे.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते. या गोष्टीत रात्र नाही. जे झालं ते सगळं लख्ख उजेडात झालं.

दोन वर्षांपूर्वीचा जून महिना. दुपारची वेळ. जागा, ऑस्ट्रियातलं आल्प्स पर्वतातलं एक तळं. तळ्याचं नाव मला माहीत आहे, पण मी ते लिहिणार नाही. क्षिप्राची तेवढी एकच अट आहे.

क्षिप्रा आणि मी सिंगापूरच्या पुंगोल भागात एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर राहायचो. ती पाया लेबारला एका कंपनीत अकाउंट्स बघते. तिचा नवरा शैलेंद्र तेव्हा जहाजावर सेकंड इंजिनिअर होता. मूळचा रत्नागिरीकडचा, पाण्यातच वाढलेला. वर्षातले कितीतरी महिने तो समुद्रावर, आणि इकडे नोकरी, घर, मुलगी सगळं क्षिप्राच्या अंगावर. मुलगी अदिती, नऊ वर्षांची. शाळेच्या स्विमिंग स्क्वॉडमध्ये होती. पाण्यात पडली की बाहेर यायचं नाव नाही.

घरात तिला अदू म्हणायचे. क्षिप्राची तिला हाक मारायची एक लकब होती. सुरुवातीचा 'अ' तोडका, आणि 'दू' लांबच लांब ओढलेला, शेवटी किंचित वर चढणारा.

"अदूऽऽ..."

माझ्या स्वयंपाकघरात मला ती हाक रोज ऐकू यायची. ऑफिसातून दमून आलेली असली की तिच्यात थोडी धार असायची. पण ती हाक दुसऱ्या कुणाची असूच शकत नव्हती.

ऑस्ट्रियाला जायचं शैलेंद्रच्या डोक्यात होतं. "आयुष्यभर खारं पाणी बघितलं," तो म्हणायचा. "एकदा डोंगरातलं गोडं पाणी बघू. तिघं मिळून होडीत बसू. मला जहाजावर बसून कंटाळा आलाय, वल्हं मारायचंय."

म्युनिकपर्यंत विमान, तिथून भाड्याची गाडी. गाडीने शेवटचं वळण घेतलं आणि तळं दिसलं. चहूबाजूंनी उभे डोंगर, वर जूनमध्येही बर्फ, आणि खाली ते हिरवं पाणी. इतकं स्तब्ध की डोंगर पाण्यात उलटा उभा केल्यासारखा. काठावर लाकडी धक्का, धक्क्याला बांधलेल्या होड्या, गवतावर टॉवेल पसरून बसलेली कुटुंबं, पाण्यात डुंबणारी पोरं.

ते एका म्हातारीच्या घरी उतरले होते. तिने वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिलेल्या. इंग्रजी तिला मोडकंतोडकं यायचं, पण माणूस मायाळू.

पहिला दिवस फार सुंदर गेला. अदू धक्क्यावरून उड्या मारत होती. शैलेंद्रने तिला प्रतिध्वनी दाखवला. समोरच्या कड्याकडे तोंड करून तो ओरडला, "हॅलोऽऽ." कड्याने ते तसंच्या तसं परत दिलं. मग अदू ओरडली, कुत्र्यासारखी भुंकली, मांजरासारखी म्यांव केली. कड्याने सगळं परत केलं. पोरगी हसून हसून लोळली.

क्षिप्राच्या त्या दिवशी एकच गोष्ट ध्यानात आली. जेवायची वेळ झाली की आजूबाजूच्या आया आपापल्या पोरांना पाण्यातून बाहेर बोलवत. पण कुणी तोंडाने हाक मारत नव्हतं.

कुणी शीळ घालत होतं.

कुणी टाळ्या वाजवत होतं.

एका बाईने तर नुसतं चमच्याने ताटलीवर वाजवलं, आणि तिची दोन्ही पोरं बरोब्बर ओळखून धावत आली.

क्षिप्राला ते गोड वाटलं. "बघ," ती शैलेंद्रला म्हणाली, "किती शांत लोक आहेत. नाहीतर आपण." आणि तिने धक्क्यावरून आपल्या नेहमीच्या लकबीत अदूला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी होडी घेतली.

ऊन होतं. वारा अजिबात नव्हता. शैलेंद्र वल्ही मारत होता, अदू पुढच्या टोकाला बसून पाण्यात बोटं बुडवत होती. तळ्याच्या मधोमध आल्यावर त्याने वल्ही आत ओढली. काठावरची माणसं ठिपक्याएवढी दिसत होती. त्यांचे आवाज मात्र पाण्यावरून अगदी स्पष्ट येत होते.

"इथे पोहू?" अदूने विचारलं.

क्षिप्रा नको म्हणाली. शैलेंद्र म्हणाला, "असू दे गं. मी आहे ना. होडीला धरून राहील."

अदूने लाइफ जॅकेट काढलं आणि हळूच पाण्यात उतरली. थंडीने किंचाळली, मग हसली. होडीभोवती एक फेरी मारली. दुसरी फेरी मारायला ती होडीच्या मागच्या बाजूला गेली...

आणि पुढच्या बाजूने आली नाही.

क्षिप्रा म्हणते की तिला पहिल्यांदा जाणवलं ते आवाज बंद झाल्याचं. अदू गेल्याचं नंतर. काठावरचे आवाज, होडीच्या फळीवर आपटणारं पाणी, सगळं एकदम थांबलं होतं. कान बंद झाल्यासारखं.

शैलेंद्र कपड्यांसकट पाण्यात गेला.

आता होडीत ती एकटी होती. खाली हिरवं पाणी. त्यात ना मुलगी दिसत होती, ना नवरा. एक बुडबुडासुद्धा नाही. क्षिप्रा होडीत उभी राहिली आणि जिवाच्या आकांताने ओरडली.

"अदूऽऽ... शैलूऽऽ..."

पुन्हा ओरडली. पुन्हा. समोर तोच कडा होता, आदल्या दिवशी म्यांवसुद्धा परत देणारा.

त्याने काहीच परत दिलं नाही.

हाक जणू पाण्यावर पडली आणि आत गेली.

मग होडीच्या दुसऱ्या बाजूला पाणी फुटलं. शैलेंद्र वर आला. त्याच्या काखेत अदू होती. डोळे उघडे, श्वास व्यवस्थित, ठसकासुद्धा नाही. क्षिप्राने दोघांना होडीत ओढलं. तिने पोरीला छातीशी धरलं.

अदूने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती गोंधळली होती.

"आई," ती म्हणाली, "तू वर कशी आलीस?"

"म्हणजे?"

"तू खाली होतीस ना. यू कॉल्ड मी. खालून."

क्षिप्राने शैलेंद्रकडे पाहिलं. तो वल्ही हातात घेऊन बसला होता. त्याने मान वर केली नाही. भराभरा काठाकडे होडी मारायला लागला.

काठ जवळ आला तेव्हा क्षिप्राच्या लक्षात आलं... पाण्यात एकही मूल नव्हतं.

सगळ्यांनी आपली पोरं बाहेर काढली होती. टॉवेलात गुंडाळून, घट्ट धरून माणसं गवतावर उभी होती. कुणी मदतीला पुढे आलं नाही. कुणी काही विचारलंही नाही. यांची होडी धक्क्याला लागली तशी एकेक जण मान फिरवून चालायला लागलं.

घरी पोहोचल्यावर म्हातारीने अदूला गरम दूध दिलं. मग क्षिप्राला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही... तिला नावाने बोलावलं? तिथे, पाण्यावर?"

"हो," क्षिप्रा म्हणाली. "का?"

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. अदूच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघेपर्यंत ती त्यांच्यासमोर आली नाही.

सिंगापूरला परतल्यावर शैलेंद्र जहाजावर गेला. शाळा सुरू झाली, ऑफिस सुरू झालं. क्षिप्राने मला ट्रिपचे फोटो दाखवले, त्या दुपारचं मात्र काही सांगितलं नाही. एक छोटासा अपघात झाला होता, एवढीच तिने स्वतःची समजूत घातली होती.

मग एका दुपारी ती घरून काम करत होती. बेडरूमचं दार लावून ऑफिसच्या कॉलवर बोलत होती. बाहेरून अदूचा आवाज आला.

"आले, आई."

धावत जाणारी पावलं. मग शांतता.

कॉल संपवून ती बाहेर आली तर हॉलमध्ये कुणी नव्हतं. अदू बाथरूममध्ये होती. काठोकाठ भरलेल्या बादलीसमोर उकिडवी बसून आत वाकून बघत होती. केसांची टोकं पाण्यात बुडाली होती.

"काय करतेयस?"

अदू दचकली. आधी तिने मागे दारातल्या आईकडे पाहिलं, मग बादलीकडे.

"यू कॉल मी व्हॉट," ती शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. म्हणजे, तूच तर बोलावलंस.

"मी नाही हाक मारली."

"कॉल्ड, लाह. अदूऽऽ. लाइक दॅट."

आणि तिने ती हाक करून दाखवली. तोडका 'अ', ओढलेला 'दू', शेवटी वर चढणारा. हुबेहूब.

क्षिप्राने बादली ओतून दिली.

असं पुन्हा पुन्हा व्हायला लागलं. मशीनमध्ये कपडे धुवायला पडले की अदू खोलीतून "काय, आई?" म्हणायची. कढईत पाणी घालून ठेवलं की ती ओट्याशी येऊन उभी राहायची. क्षिप्राने स्वतः काही म्हणजे काही ऐकलं नाही. कान देऊन बघितलं. कधीच नाही.

एका संध्याकाळी दोघी पुंगोलच्या वॉटरवेच्या, म्हणजे तिथल्या कालव्याच्या, काठाने फिरून येत होत्या. पुलावर गर्दी होती, सायकली होत्या, कुत्री घेऊन फिरणारे लोक होते. क्षिप्राने अदूचा हात धरला होता.

पुलाच्या मधोमध अदू थांबली. कठड्यावरून खाली वाकली.

"आई, तू बोलावतेयस."

"मी इथे आहे ना, बाळा. तुझा हात माझ्या हातात आहे."

अदूने आपल्या हाताकडे पाहिलं. आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग पुन्हा खाली पाण्याकडे. ती जराही घाबरलेली नव्हती.

"देन दॅट वन हू? मग ती कोण?" तिने विचारलं.

त्या दिवशी क्षिप्रा माझ्याकडे आली आणि तिने सगळं सांगितलं. तळ्यापासून. सांगताना ती माझ्या घरातला माशांचा टँक दिसणार नाही अशा खुर्चीवर बसली होती. मी तिला काय सांगणार? पोरगी घाबरली असेल, डॉक्टरला दाखव, एवढंच म्हटलं.

डॉक्टरला दाखवलं. कान तपासले, सगळं नीट. शाळेच्या समुपदेशक बाईंनी सांगितलं की पाण्यातल्या धक्क्यानंतर मुलं असं करतात, तिचं पोहणं मात्र बंद करू नका, नाहीतर भीती कायमची बसेल. क्षिप्राला ते पटलं नव्हतं. पण स्क्वॉडची स्पर्धा जवळ आली होती, अदू रडत होती, आणि जहाजावरून शैलेंद्रही म्हणाला, "शाळेतल्या बाई म्हणतायत तर जाऊ दे."

"मग मी तिथे बसणार," क्षिप्रा म्हणाली. "माझी नजर हलणार नाही तिच्यावरून."

शनिवारची सकाळ. उघड्यावरचा पोहण्याचा तलाव, निळंशार पाणी, ऊन. क्षिप्रा पायऱ्यांवर अगदी पुढे बसली होती. कोच लिम काठाने चालत सूचना देत होते. मुलं एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जात होती. एवढ्या टोप्यांत अदूची लाल टोपी क्षिप्राने एकदाही नजरेआड होऊ दिली नाही.

सगळी मुलं भिंतीला लागली. दम खात, हसत, एकमेकांवर पाणी उडवत.

आणि त्यांच्यात लाल टोपी नव्हती.

क्षिप्रा उठली. पाणी नितळ होतं. तिला दिसलं.

खोल टोकाला, अगदी तळाशी, अदू बसली होती. मांडी घालून. हात मांडीवर ठेवून, मान किंचित मागे टेकवून. गोष्ट ऐकायला बसल्यासारखी. हातपाय मारत नव्हती. टोपी न् चष्मा तसाच.

क्षिप्राने ओरडायला तोंड उघडलं. 'अदू' ओठांवर आलं...

आणि तिने तोंड मिटलं.

ती म्हणते, त्या क्षणी मला तळ्याकाठच्या त्या बायका दिसल्या. माझी हाक आत जाईल, असं वाटलं. आणि आतली माझी हाक तिला धरून ठेवेल.

तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. वेड लागल्यासारख्या. तळहात लाल होईपर्यंत, काठाकडे धावत. कोच लिमनी वळून पाहिलं, तिचे डोळे कुठे लागलेत ते पाहिलं, आणि तसेच पाण्यात सूर मारून गेले.

अदू वाचली. छातीत थोडं पाणी गेलं होतं. हॉस्पिटलमध्ये ठेवलं, तपासण्या केल्या. फिट आली का, हृदयाचं काही आहे का. काही निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नीट बोलता येऊ लागलं तेव्हा तिने पहिलं विचारलं, "टाळ्या कोण वाजवत होतं?"

"मी," क्षिप्रा म्हणाली.

"मला ऐकू आल्या. म्हणून मी उठत होते."

"कुठून उठत होतीस?"

"तुझ्या मांडीवरून."

क्षिप्राने पोरीच्या कपाळावरून हात फिरवला. अदू छताकडे बघत होती. बघता बघता सहज म्हणाली, "शी नेव्हर स्कोल्ड वन, आई. कधीच रागवत नाही. ती माझं नाव खूप छान घेते."

शैलेंद्र पुढच्या बंदरावर उतरून विमानाने आला. त्या वेळी त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. तळ्यात त्याने काय पाहिलं ते.

"ती बुडत नव्हती," तो म्हणाला. "माणूस बुडताना कसा दिसतो ते मला माहीत आहे. ती खाली पोहत जात होती, क्षिप्रा. सरळ खाली. आणि मी तिचा पाय धरला तेव्हा तिने तो झटकला."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू?" तो म्हणाला. "मलाही ऐकू येत होतं."

त्या दिवसापासून घरात अदूला नावाने हाक मारणं बंद झालं. जेवायला बोलवायचं तर टाळी. झोपायला बोलवायचं तर टाळी. तिला नीट समजावून सांगितलं. जी टाळी वाजवते ती आई. नुसता आवाज आला, कितीही छान आला, तरी उत्तर द्यायचं नाही. स्क्वॉड सोडलं. अंघोळीला शॉवर, तोही दार उघडं ठेवून. घरातल्या बादल्या पालथ्या. पाण्याच्या भांड्यांवर झाकणं.

आणि खरोखर फरक पडला. अदूने न मारलेल्या हाकांना ओ देणं थांबवलं. पोरीच्या गालावर रंग आला. क्षिप्राही पुन्हा हसायला लागली. माझ्या घरी ती हाक येईनाशी झाली होती, तिच्याऐवजी टाळी ऐकू यायची. मलाही त्याची सवय झाली.

शैलेंद्रचं कॉन्ट्रॅक्ट राहिलं होतं. तो पुन्हा जहाजावर गेला.

एके दिवशी दुपारी क्षिप्रा ऑफिसमध्ये होती. त्याचा व्हॉट्सॲप कॉल आला. जहाज समुद्रात असताना या वेळेला तो कधी करत नसे.

"तू आत्ता मला हाक मारलीस?" त्याने विचारलं.

त्याचा श्वास लागला होता.

"मी कशी मारणार? मी ऑफिसात आहे. काय झालं?"

मागे यंत्रांची घरघर येत होती.

"शैलेंद्र?"

"बोलत राहा," तो म्हणाला. "काहीही बोल. फोन ठेवू नकोस."

क्षिप्रा मीटिंगरूममध्ये जाऊन बोलत राहिली. अदूच्या शाळेचं, भाजीचं, शेजारच्या मांजराचं. बोलता बोलता रडत होती, पण थांबली नाही. मध्येच तो नुसतं "हं" म्हणायचा. नेटवर्क जाईपर्यंत ती बोलत होती.

काय झालं होतं ते नंतर कळलं. जहाजाची बॅलास्ट टाकी, म्हणजे जहाज स्थिर राहावं म्हणून ज्यात समुद्राचं पाणी भरतात ती, तपासणीसाठी रिकामी केली होती. तळाला थोडं पाणी उरलं होतं. अशा टाकीत आत जाण्याआधी हवा तपासतात. नाहीतर आत गेलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो. शैलेंद्रने हा नियम कितीतरी पोरांना शिकवलेला. झाकण उघडलेलं होतं. तपासणी व्हायची होती.

आणि तो शिडीवरून आत उतरत होता.

कमरेपर्यंत गेला होता. फिलिपिनो फिटरने मागून कॉलर धरून ओढला म्हणून राहिला. फिटरने विचारलं, "सर, कुठे चाललात?"

"बायको बोलावतेय," असं तो म्हणाला होता म्हणे. अगदी शांतपणे. त्याला स्वतःला हे बोललेलं आठवत नाही.

टाकीतली ती काय म्हणाली, हे क्षिप्राने त्याला खूपदा विचारलं. त्याने कधीच सांगितलं नाही.

त्याने समुद्र सोडला. आता तो जुरोंगला जहाजदुरुस्तीच्या ऑफिसात बसतो. पुंगोलचं घरही सोडलं. ते वुडलँड्सला गेले, अशा फ्लॅटमध्ये की खिडकीतून फक्त समोरच्या इमारती दिसतात. पाणी कुठूनही दिसत नाही.

नव्या घरात आणखी एक सवय लागली. क्षिप्राचा आवाज आला तरी दोघांपैकी कुणी तिला लगेच ओ देत नाही. ती टीव्हीचा रिमोट कुठे आहे म्हणून जरी ओरडली, तरी ते उठून येतात, दारातून तिचं तोंड बघतात, आणि मगच "काय?" म्हणतात. क्षिप्रा म्हणते, सुरुवातीला बरं वाटायचं. आता कधी कधी वाटतं, आपल्याच घरात आपला आवाज आपला राहिला नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. रविवारची दुपार. शैलेंद्र आतल्या खोलीत लॅपटॉपवर, अदू तिच्या खोलीत अभ्यास करत होती. मी आणि क्षिप्रा स्वयंपाकघरात. तिने चहाचं आधण ठेवलं होतं. माझ्या मुलाच्या कॉलेजचं मी काहीतरी सांगत होते. क्षिप्रा ऐकत होती. गप्प होती. माझ्यापासून हातभर अंतरावर ओट्याला टेकून उभी होती. मी तिच्याकडेच बघत होते.

तेवढ्यात आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या खोलीचं दार.

शैलेंद्र आणि अदू, दोघंही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

दोघांनी क्षिप्राच्या तोंडाकडे पाहिलं.

मग माझ्याकडे.

मी बोलायची थांबले. कुणी "काय?" म्हटलं नाही. अदू एक पाऊल मागे सरली आणि तिने बापाचा हात धरला.

मी शपथेवर सांगते, मला काही ऐकू आलं नव्हतं. क्षिप्राचे ओठ हलले नव्हते.

गॅसवर आधण उकळत होतं.

क्षिप्राने हात लांब करून गॅस बंद केला. पाणी हळूहळू निवत गेलं. आम्ही चौघंही त्या पातेल्याकडे बघत होतो.

मग तिने त्यावर झाकण ठेवलं. आणि झाकणावर, काही न बोलता, खलबत्ता ठेवला.